मस्टरवरचा शेवटचा गुरुवार

३१ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.४०

या दोन हातांनी आजवर काय काय केलं त्याची नोंद कुठेतरी असावी, म्हणून:

तराजूची दांडी घासताना हलू नये यासाठी लाकडी घोडा. जुन्या बाकाच्या पायांपासून. सव्वीस वर्षं चालू. एकदाही डगमगला नाही.

पितळी वजनांची पेटी. चौदा वजनं. सर्वांत लहान पाव ग्रॅमचं, फेकून दिलेल्या तारेतून.

दांडी ज्या पात्यावर झुलते त्याची धार तपासायची उजेडाची पेटी. बिस्किटांच्या डब्यातून. कारखान्याने नंतर तशीच एक विकत आणली. ती दोन महिन्यांत गेली. माझी आहे.

घरी: स्वयंपाकघरातलं फडताळ, लेकीचं घडीचं टेबल, मागच्या दाराची कडी (दोनदा).

आणि आज दुपारी सव्वातीनला दिलेला राजीनामा. चौथा खर्डा. समास दीड इंच, खाडाखोड शून्य.

हे सगळं कोणी न शिकवता. शाळा नववीत सुटली, पण डोळे उघडे होते.

राजीनाम्याचं कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी फिरवाफिरवी करायला नको. नवे साहेब (वय एकतीस, कॉलेजातून थेट खुर्चीत, तराजू फक्त दुकानात पाहिलेला) यांनी सगळ्या सामानाची यादी करवली. आज सकाळी येऊन पाहतो तर माझ्या घोड्यावर स्टिकर. 'जुने साहित्य – ७'. आकार सात बाय चार सेंटिमीटर. डावीकडे तीन मिलिमीटर कललेला. ज्यांना स्टिकर सरळ चिकटवता येत नाही ते वजनकाटे विकणार.

नोटीस अठ्ठावीस दिवसांची. म्हणजे शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी, गुरुवार. तोपर्यंत गोष्ट काही जात नाही. माझा अंदाज, सोमवारी साहेब स्वतः टेबलाशी येतील. मी लगेच हो म्हणणार नाही. एक दिवस तरी झुलवायचं.

हिला सांगितलं नाही. राजीनामा परतच घ्यायचा आहे, तर उगाच तिच्या जिवाला घोर कशाला.

४ फेब्रुवारी, सोमवार

साहेब टेबलाशी आले. मोजायची फीत आहे का, विचारलं. दिली. घेऊन गेले.

फीत परत आली नाही. म्हणजे पुन्हा यायला निमित्त ठेवलं आहे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

हिला सांगावं लागलं. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. (नोकरी मीच लावून दिली. अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा त्याला दोरीची गाठही मारता येत नव्हती.) त्याने घरी येऊन पाणी पिता पिता सांगून टाकलं.

हिने आधी गॅस बंद केला. मग विचारलं, लेकीची फी कधी भरायची आहे ते तरी माहीत आहे ना. माहीत आहे. ३० एप्रिल, अडतीस हजार पाचशे. कृत्रिम दात बनवायच्या कोर्सचं शेवटचं वर्ष. हातातली कला बापाकडून आली आहे, हे तिचे सर कबूल करतील न करतील. ही औषधांच्या दुकानात काउंटरला असते. तेवढ्यावर घर चालेल, फी निघणार नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, माझ्यावाचून तो कारखाना तीन दिवस चालत नाही. ती म्हणाली, रविवार धरून का?

बायकांना यंत्रशाळेतलं कळत नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या जागी कोण, असं मी आडून विचारलं. साहेब म्हणाले, एप्रिलमध्ये मशीन येतंय, बटण दाबलं की काटा आपोआप जुळतो. आणि फीत परत दिली.

मशीनला धारेचा आवाज ऐकू येतो का, हे विचारायचं राहिलं. घरी आल्यावर सुचलं.

२० फेब्रुवारी, बुधवार

मेव्हण्याकडून कळलं की पॅकिंगमधली मंडळी मागे मला 'पावग्रॅम' म्हणतात. सव्वीस वर्षं म्हणत आली आहेत म्हणे. तो हसत होता. मला आनंद झाला. माणसाची ओळख त्याच्या अचूकपणावरून व्हावी, याहून मोठा मान कोणता?

समोर मात्र सगळे 'उस्ताद'च म्हणतात.

२८ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७.१५

निरोप समारंभ ५.०५ ते ५.१४. साहेब दोन वाक्यं बोलले, त्यातल्या एकात सत्तावीस वर्षं म्हणाले. मी बसल्या जागेवरून 'सव्वीस' म्हटलं. भेट म्हणून स्वयंपाकघरात ठेवायचा इलेक्ट्रॉनिक काटा दिला. दुसऱ्याच कंपनीचा. वजनकाट्याच्या कारखान्याने काटे जुळवणाऱ्याला परक्याचा काटा द्यावा. घरी आल्याबरोबर माझी पितळी वजनं त्यावर ठेवली. पाचशेला पाचशे दोन दाखवतो. पन्नासला बावन्न. दोन ग्रॅमची थाप सगळीकडे सारखी. निदान एकनिष्ठ आहे.

निघताना मस्टर पाहिलं. सवय. तर हजेरीच्या बाईंनी माझ्या नावापुढे शेवटचा दिवस शनिवार, २ मार्च असा लिहिलेला. विचारलं तर म्हणाल्या, इथली जुनी रीत आहे उस्ताद, माणूस आठवड्यात कधीही सुटो, नाव शनिवारपर्यंत ठेवतो, आठवडा तोडायचा कशाला. मी म्हटलं, मी गुरुवारी साडेपाचला जातोय. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. न केलेल्या दोन दिवसांची हजेरी माझ्या नावावर नको. त्या म्हणाल्या, असू द्या ना, दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? मी ऐकलं नाही. लाल शाई मागितली. 'शनिवार' वर एक सरळ रेघ, पुढे 'गुरुवार, सायं. ५.३० पर्यंतच. दुरुस्ती माझ्या आग्रहावरून.' सही, तारीख, वेळ. बाईंनी डोक्याला हात लावला.

सव्वीस वर्षांत त्या मस्टरमध्ये इतकी स्वच्छ नोंद झाली नसेल. समाधान वाटलं.

१ मार्च, शुक्रवार

पहिला दिवस. सहाला उठलो. सातपर्यंत तयार. मग आठवलं.

तीन दिवस मोजायला सुरुवात. फोन चार्ज करून टेबलावर ठेवला आहे, आवाज पूर्ण.

२ मार्च, शनिवार

फोन आला. चुकीचा नंबर.

४ मार्च, सोमवार

काल रविवारी दुपारी मोठं वीजकेंद्र जळालं. माणसं वाचली, यंत्रं गेली. घरांना दिवसातून चार तास वीज मिळेल, कारखान्यांना अजिबात नाही. दुरुस्तीला सहा महिने लागतील म्हणतात. आमचा कारखाना आज सकाळी बंद झाला.

थोडक्यात, माझ्यावाचून तीन दिवसही चालला नाही. गुरुवारी संध्याकाळी गेलो, वीज रविवारीच गेली. हिला हे दाखवून दिलं.

९ मार्च, शनिवार. दुपारी १२.३०

सरकारने जाहीर केलं. वीज नाही म्हणून ज्यांना सक्तीने घरी बसावं लागतंय त्यांना पगाराच्या ऐंशी टक्के मिळणार. सहा महिने. पैसे सरकारचे, वाटप कंपनीकडून. अट एकच: १ मार्च रोजी मस्टरवर नाव असलं पाहिजे.

१ मार्च. शुक्रवार.

मेव्हणा संध्याकाळपर्यंत थांबला नाही, भर दुपारी बातमी घेऊन आला. कारखान्यात या पैशाला 'बसा-पगार' असं नाव पडलंसुद्धा. त्याने माझ्याच खुर्चीत बसून दोन कप चहा घेतला आणि म्हणाला, भाऊजी, आम्ही बसून खाणार आणि तुम्ही उभ्याने उपाशी. मग मस्टरची गोष्ट त्यानेच हिला सांगितली. हजेरीच्या बाईंनी अख्ख्या कारखान्याला सांगितली आहे. हात दाखवून अवलक्षण, असं तो म्हणाला. बहिणीच्या देखत.

हिने भांडी घासायला घेतली. सकाळी घासलेली.

१२ मार्च, मंगळवार

दुपारी साहेबांचा फोन. चार मिनिटं. नियमात काही पोटकलम आहे, त्याबद्दल बोलत होते. फेब्रुवारीत सोडून गेलेल्यांना वगैरे. मी ऐकून घेतलं. आवाज मऊ होता.

हिने विचारलं, कोण होतं? म्हटलं, चुकीचा नंबर.

मला कोणाची मेहेरबानी नको. मी हक्काने मिळवीन. हक्क आणि मेहेरबानी यांत फरक असतो, तो बारीक असतो, आणि बारीक फरक ओळखणं हाच माझा धंदा आहे.

१५ मार्च, शुक्रवार

स्वतःचा व्यवसाय सुरू. 'काटेदुरुस्ती व तज्ज्ञ सल्ला'. पाचशे कार्डं छापली. (ही म्हणाली पन्नास पुरे. पाचशेला दर कमी पडतो.) कार्डावरची ओळ बरोबर मध्ये आली आहे, दोन्हीकडे अकरा-अकरा मिलिमीटर.

पहिलं गिऱ्हाईक कोपऱ्यावरचा भाजीवाला. त्याचा काटा किलोमागे चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. म्हणजे गिऱ्हाइकाला तेवढी भाजी कमी. पस्तीस मिनिटांत सरळ केला. माझ्या वजनांनी तीनदा पडताळला. भाजीवाला काट्याकडे पाहत म्हणाला, असा नको होता हो.

त्याला फक्त पारड्याचा आवाज बंद करून हवा होता. मजुरी दिली नाही. वर आमच्या घरच्या भाजीला उद्यापासून उधारी बंद.

प्रामाणिकपणाला सुरुवातीला वेळ लागतो.

२० मार्च, बुधवार

लेकीने सांगितलं की तिला एका प्रयोगशाळेत साचे धुवायचं काम मिळतंय. बाबा, मी एक वर्ष थांबते, पुढच्या वर्षी फी भरू. हसत सांगत होती. मी म्हटलं, थांबायची काही गरज नाही, माझं सगळं ठरलेलं आहे. तिने विचारलं, काय ठरलंय?

मी तिच्या टेबलाची घडी तपासली. बिजागरी सैल झाली होती. आवळून दिली.

२५ मार्च, सोमवार

साहेब घरी येऊन गेले. ११.२० ते ११.३८. जिना चढून धापा टाकत होते, एकतिसाव्या वर्षी. चहा मीच केला. ही दुकानात, लेक कॉलेजात.

फॉर्म आणला होता. वाचला. चष्मा पुसून परत वाचला. एका रकान्यात एक शब्द होता.

फॉर्म परत दिला. ३१ तारखेपर्यंत मुदत आहे, असं दारातून दोनदा सांगून गेले.

कप लगेच धुऊन ठेवले.

२७ मार्च, बुधवार

हिने विचारलं, सोमवारी कोण आलं होतं, खालच्या आजी म्हणत होत्या. सांगितलं, साहेब आले होते, घोडा कसा वापरायचा ते विचारायला. ती म्हणाली, बंद कारखान्यात?

३१ मार्च, रविवार

मुदत संध्याकाळी संपली. कार्यालय रविवारी बंद असतं, म्हणजे खरं तर कालच संपली. असो.

मन एकदम हलकं झालं आहे. जेवण गेलं नाही, ते पोट बिघडल्यामुळे.

१ एप्रिल, सोमवार

आजपासून लढाई. कामगार कार्यालयात अर्ज करणार. वकील नको. वकील शिकलेले असतात, त्यांना बारकावे दिसत नाहीत.

मुद्दा असा: या कारखान्यात सोडून जाणाऱ्याचं नाव त्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत मस्टरवर ठेवण्याची जुनी, अखंड, सर्वमान्य रीत आहे. सबब मी २ मार्चपर्यंत कामगार होतो. सबब १ मार्चला मस्टरवर होतो. सबब ऐंशी टक्के. बिनतोड.

पुरावा म्हणून सव्वीस वर्षांत सोडून गेलेल्या नऊ जणांची यादी केली. कोण कोणत्या वारी गेला आणि नाव कोणत्या शनिवारपर्यंत राहिलं, सगळं आठवतं. ओतकामवाला मंगळवारी भांडून गेला, चार दिवस जास्त मिळाले. त्याला ते कळलंही नसेल.

२८ तारखेच्या त्या किरकोळ दुरुस्तीचा अर्जात उल्लेख केला नाही. विषयाला धरून नाही.

६ एप्रिल, शनिवार

अर्ज पूर्ण. अकरा पानं. पोस्टासाठी वजन केलं. भेटीच्या काट्यावर एकसष्ट ग्रॅम, माझ्या वजनांवर एकोणसाठ. पोस्टातही एकोणसाठच भरलं. खिडकीतल्या माणसाला सांगितलं की आधीच माहीत होतं. मागे रांग होती.

हिने अर्ज वाचला. सगळा. मग विचारलं, अहो, ही शनिवारची रीत इतकी चांगली होती, तर तेव्हा खोडली का?

मी म्हटलं, तेव्हा तत्त्वाचा प्रश्न होता. ती म्हणाली, आणि आता? मी म्हटलं, आताही.

१० एप्रिल, बुधवार

हिने दुकानात दुसरी पाळीही घेतली आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी आठ. पाय सुजतात. मी तिच्यासाठी काउंटरमागे ठेवायला पाय टेकायचं स्टूल करायला घेतलं. आराखडा झाला. उंची तिच्या गुडघ्यावरून काढायची आहे, ती घरी असेल तेव्हा.

व्यवसाय: कार्डं शिल्लक चारशे ब्याण्णव. आठ वाटली, त्यातली तीन मेव्हण्याने दातात अडकलेलं काढायला वापरली.

१६ एप्रिल, मंगळवार

सुनावणीचं पत्र आलं. २२ एप्रिल, सकाळी ११. आठवड्यात निर्णय, ३० तारखेच्या आत पैसे. लेकीला सांगितलं, प्रयोगशाळेला नाही कळव. तिने मान डोलावली. कळवलं का, ते विचारलं नाही.

ही म्हणाली, मी येते बरोबर. गरज नाही म्हटलं. तिने दुकानातून रजा आधीच टाकली होती. माझा विजय स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असेल.

२२ एप्रिल, सोमवार. दुपारी ३

खोली लहान. पंखा बंद. टेबलाचा एक पाय आखूड, खाली कागदाची घडी. अधिकारीबाई पन्नाशीच्या, दमलेल्या. त्यांच्यासमोर माझा अर्ज, शेजारी साहेब आणि हजेरीच्या बाई. मी आणि ही समोरच्या बाकावर.

सुरुवात उत्तम झाली. अधिकारीबाईंनी विचारलं की अशी शनिवारची रीत खरोखर आहे का. हजेरीच्या बाई म्हणाल्या, आहे. साहेबही आहे म्हणाले. नऊ नावं पडताळली, नऊही बरोबर. एका बाबतीत तर मस्टरचं पान सापडण्याआधीच मी तारीख तोंडपाठ सांगितली. अधिकारीबाई माझ्याकडे पाहून हसल्या.

मग त्यांनी फेब्रुवारीचं पान उघडलं. लाल शाई लांबूनही दिसते. चांगली शाई होती. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, 'दुरुस्ती माझ्या आग्रहावरून' सकट, आणि मस्टर माझ्याकडे फिरवलं.

"सही तुमचीच ना?"

माझीच. नाकारण्यासारखी सही मी करत नाही. अक्षर सुरेख आहे तुमचं, असं त्या म्हणाल्या. ही नोंद करून ठेवतो, कारण मनापासून म्हणाल्या.

पुढे त्या म्हणाल्या, रीत होती, कंपनीने ती पाळलीही होती, तुम्हीच ती स्वतःच्या हाताने नाकारलीत. मी काय करू शकते? उत्तर द्यायला मी उभा राहिलो. अकरा पानांत नव्हतं ते उत्तर.

त्यानंतर त्यांनी साहेबांना एक प्रश्न विचारला, आणि साहेबांनी उत्तर दिलं, खाली मान घालून. मग तोच प्रश्न मला. तो इथे लिहिण्याचं कारण नाही. ही शेजारी बसली होती. तिने पर्सचा बंद हातात धरला होता, तो तिने सोडला.

अर्ज निकालात काढला. उठताना मी टेबलाखालची घडी बदलून दिली. एक घडी जास्त लागत होती.

२२ एप्रिल. संध्याकाळी ६

परत येताना बसमध्ये ही खिडकीशी. सात थांबे बाहेरच्या पाट्या वाचत होती. आठव्याला विचारलं:

"किती होते?"

हिशेब करावा लागेल, असं मी सांगितलं.

२४ एप्रिल, बुधवार

घरात सगळं नेहमीसारखं. चहा वेळेवर. पाय टेकायच्या स्टुलासाठी गुडघ्याचं माप मागितलं. ती म्हणाली, राहू द्या, दुकानात एक खोकं मिळालंय, तेच घेते पायाखाली.

खोक्याची उंची विचारली. तिला माहीत नव्हती.

२७ एप्रिल, शनिवार

नवा विचार: अपील. वरच्या कार्यालयात. बावीस पानं. शिवाय स्वतंत्र निवेदन, वर्गवारीच्या पद्धतीविरुद्ध. कोणीतरी हा प्रश्न उचललाच पाहिजे. कागद संपले आहेत, कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजू वापरता येतील.

चारशे ब्याण्णव.

२९ एप्रिल, सोमवार

मेव्हणा आला होता. आज खुर्चीत बसला नाही. पाकीट बहिणीच्या हातात दिलं आणि उभ्याउभ्याच जायला निघाला. मी म्हटलं, चहा घे. म्हणाला, नको भाऊजी, बसून बसून कंटाळा येतो.

टोमणा असेल असं वाटून मी तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. ते जास्त लागलं.

३० एप्रिल, मंगळवार. दुपारी ४

फी भरली. अडतीस हजार पाचशे. मेव्हण्याच्या बसा-पगारातून. ज्याला दोरीची गाठ मारायला मी शिकवलं, त्याच्या. लेक पावती घेऊन आली, आईला दाखवली, मग मलाही. पावतीवर शिक्का तिरका होता. बोललो नाही.

ती खोलीत गेल्यावर ही म्हणाली, हिशेब झाला असेल तर सांगा, नसेल तर राहू द्या. आणि दुसऱ्या पाळीला निघून गेली.

हिशेब १२ मार्चलाच झाला होता. फोन चालू असतानाच, कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलीने. या वहीत लिहिला नाही. ही वही मी सोडून कोणी वाचत नाही, तरी लिहिला नाही. आज लिहितो. निदान एका जागी तरी आकडे बरोबर असावेत.

साहेबांनी २५ मार्चला आणलेला फॉर्म एका पानाचा. रकाने चौदा. सगळे त्यांनी आधीच भरलेले, माझं नाव, जन्मतारीख, २६ वर्षं (सत्तावीस नाही). मी फक्त 'राजीनामा मागे घेत आहे' या ओळीखाली सही करायची होती. घोड्यावरचा स्टिकर काढला आहे, असंही त्यांनी आपणहून सांगितलं. नखाने खरवडून काढला म्हणाले, डाग राहिला नाही. मला मागायचं असं काहीच उरलं नव्हतं.

रकाना नऊ: कामगाराचा वर्ग. प्रमाणपत्र असल्यास कुशल. नसल्यास अर्धकुशल.

तिथे अर्धकुशल लिहिलेलं होतं.

मी बोट ठेवलं. साहेब म्हणाले, "उस्ताद, तो शब्द माझा नाही, फॉर्मचा आहे. पैशात काहीच फरक पडत नाही."

मी म्हटलं, फरक पडत नाही, तर बदला. ते म्हणाले, बदलला तर कार्यालय प्रमाणपत्र मागेल. मी आतून वजनांची पेटी आणली. पाव ग्रॅमचं वजन त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते म्हणाले, मला माहीत आहे हो. पण हे फॉर्मला जोडता येत नाही.

वजन परत घेतलं. फॉर्म परत दिला.

नाकारलेला प्रस्ताव येणेप्रमाणे. राजीनामा रद्द. नाव १ मार्च, शुक्रवारपासून पुन्हा मस्टरवर. वीज आल्यावर काम त्याच टेबलावर, त्याच घोड्यावर. तोवर मूळ पगार २९,६४० च्या ऐंशी टक्के, म्हणजे दरमहा २३,७१२. महिने सहा.

एकूण १,४२,२७२.